‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ म्हणणाऱ्या मेडिकलच्या मुलांसाठी

आमच्या ग्वाल्हेरला लष्कर भागातली मराठी मुलं गजराराजा मेडिकल कॉलेजात लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक वाक्य बोलायला लागतात, "मला पुस्तक वाचून नाही कळत, मी व्हिज्युअल लर्नर आहे", म्हणजे मी बघूनच शिकतो. कोणी म्हणतं मी ऐकूनच शिकते. मग सगळा अभ्यास त्याच साच्यात, म्हणजे व्हिडिओवाल्यांचा रात्रभर दीडपट स्पीडने व्हिडिओ आणि बाकीच्यांचे चार रंगांचे हायलायटर. मुलं खूप मेहनती आहेत म्हणूनच हे सांगावंसं वाटतं, कारण ती मेहनत चुकीच्या जागी जातेय.

हे लेबल बहुतेक वेळा व्हार्क नावाच्या प्रश्नावलीतून येतं. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी ती तयार केली, त्यात बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताने करून असे चार प्रकार आहेत. मेडिकलच्या मुलांना ती जगभर भरायला देतात आणि बरीच मुलं एकापेक्षा जास्त प्रकारांत बसतात. इथपर्यंत ठीक आहे, आवड प्रत्येकाची असतेच. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त लक्षात राहतं का? 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोपर्यंतचं संशोधन तपासलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, ‘बघणाऱ्यां’ना आणि ‘ऐकणाऱ्यां’ना दोन्ही पद्धतींनी शिकवा, सगळ्यांची एकच परीक्षा घ्या, आणि प्रत्येक गट आपापल्या पद्धतीत पुढे गेला तरच मानू. असे नीट केलेले प्रयोग फारच थोडे सापडले आणि त्यातल्या काहींचे निकाल तर उलटेच होते. पुढे अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत अॅनाटॉमी (शरीररचना) शिकणाऱ्या मुलांवरच अभ्यास झाला, तिथे बहुतेक मुलं आपल्या व्हार्कच्या प्रकाराप्रमाणे अभ्यास करतच नव्हती, आणि जी करत होती त्यांना मार्क काही जास्त मिळाले नाहीत.

मला तर वाटतं डॉक्टरकीत हा प्रश्नच उलटा आहे. हार्टचा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, कानानेच ऐकावा लागतो, वाढलेलं लिव्हर हातालाच लागतं, एक्सरे बघावाच लागतो आणि केसपेपर वाचावाच लागतो, तिथे "मी व्हिज्युअल आहे" म्हणून पेशंट थांबणार नाही. कोणतं इंद्रिय वापरायचं ते विषय ठरवतो, मुलगा नाही.

मग लक्षात कशाने राहतं? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. पण एका आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61! आणि परत परत वाचणाऱ्यांनाच वाटत होतं की आपल्याला जास्त लक्षात राहील. इथेच सगळे फसतात, ओळखीचं पान समोर आलं की सोपं वाटतं, आणि सोपं वाटलं की आलं असं वाटतं. हार्वर्डला 2019 मध्ये फिजिक्सच्या वर्गात पण हेच दिसलं, ज्या वर्गात मुलांना स्वतः डोकं लढवायला लावलं तिथली मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं मात्र की आपण कमी शिकलो.

ज्यांची अॅनाटॉमीची पुस्तकं अख्खा देश वाचतो ते बी. डी. चौरसिया आपल्या याच कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या पुस्तकातल्या आकृत्या साध्या रेघांच्या आहेत, कोणालाही काढता येतील अशा. त्यांचा खरा फायदा पुस्तक मिटल्यावर. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं घ्या, 5 रूट, 3 ट्रंक, 6 डिव्हिजन, 3 कॉर्ड, कोऱ्या कागदावर आठवून काढा, अडलात तिथे अडून बसा, लगेच उघडून बघू नका, मग चुका लाल पेनने दुरुस्त करा. दोन-तीन दिवसांनी परत, आठवड्याने परत, महिन्याने परत. एकाच रात्री दहा वेळा काढण्यापेक्षा असं अंतर ठेवून काढलेलं जास्त टिकतं, हे शंभर वर्षांहून जास्त काळ प्रयोगांत दिसत आलंय.

आपल्या मुलांची अजून एक अडचण असते, घरी मराठी, मित्रांत हिंदी, पुस्तक इंग्रजी. मध्यप्रदेशात 2022 मध्ये एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची हिंदी पुस्तकं आली तेव्हा घराघरांत त्यावर वाद झाले. माझं मत विचाराल तर समजून घ्यायला जी भाषा जवळची ती बिनधास्त वापरा. जेवताना आईला मराठीत सांगा की किडनी पाणी कसं वाचवते, आणि तिने "पण का?" विचारलं की जिथे गाडी अडेल तेवढाच भाग रात्री वाचा. नंतर तेच इंग्रजीत मोठ्याने बोला, रूममेटला समोर बसवून, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तसंच विचारणार आहेत.