मोपा की दाबोळी? विमानाने जाणाऱ्या आमच्या टॅक्सीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यात विमानतळ दोन: उत्तरेला मोपा, दक्षिणेला दाबोळी. म्हणून तिकीट हातात पडले की वेळ आणि सीट बघण्याआधी विमानतळ बघा. जीओएक्स (GOX) लिहिले असेल तर मोपा, जीओआय (GOI) असेल तर दाबोळी. मोबाईलवरच्या तिकिटात 'गोवा' हे मोठ्या अक्षरात असते आणि ही तीन अक्षरे कोपऱ्यात बारीक, त्यामुळे घोळ होतो. दोन्हींच्या मध्ये शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या आहेत. चुकीच्या दारात उतरलात तर आमचा कितीही तरबेज चालक तुम्हाला वेळेत दुसरीकडे पोचवू शकणार नाही. म्हणून गाडी सांगताना तिकिटाचा फोटोही पाठवा; नुसते 'एअरपोर्टला सोडा' असे सांगू नका.

दाबोळी जुना. पोर्तुगीज राजवटीत बांधलेला हा तळ १९६१ नंतर भारतीय नौदलाकडे आला. आजही तो नौदलाचा 'आयएनएस हंसा' तळ आहे आणि प्रवासी टर्मिनल विमानतळ प्राधिकरण चालवते. कामाच्या दिवशी सकाळी नौदलाचा सराव असतो, म्हणून त्या वेळेत प्रवासी विमाने कमी दिसतात. धावपट्टीचे, लष्करी विमानांचे फोटो काढायला इथे मनाई आहे. मुलांनाही आधीच सांगून ठेवा. मोपाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे आणि तो जीएमआर ही खाजगी कंपनी चालवते.

कुठून जावे? पेडणे, बार्देश, डिचोली आणि पलीकडे सावंतवाडी, दोडामार्ग इथल्या लोकांनी मोपा धरावा. मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोणकरांनी दाबोळी. पणजीहून दोन्हींचे अंतर थोडेफार सारखेच, तीस-पस्तीस किलोमीटर. तिथे विमानाची वेळ बघून ठरवा. मडगावचे काही ग्राहक स्वस्त तिकीट म्हणून मोपा घेतात. मडगाव-मोपा हे अंतर साठ किलोमीटरच्या वर आहे. टॅक्सीचे भाडे मिळवून बघा, मग तिकीट खरेच स्वस्त पडते का ते कळेल. आमचा धंदा टॅक्सीचा असूनही आम्ही हे सांगतो. एकट्याने हलक्या सामानानिशी जाणाऱ्याला कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस पुरते. दोन्ही विमानतळांवर तिची सेवा आहे, फक्त वेळ आधी विचारून घ्यावी.

तिसरा पर्याय म्हणजे सिंधुदुर्गातला, वेंगुर्ल्याजवळचा चिपी विमानतळ. तो ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. विमाने मोजकीच आणि वेळापत्रक बदलते असते, तेव्हा तिथून परतीचे तिकीट काढण्याआधी आम्हाला विचारा. मोपावरून लहान शहरांना जाणारी काही विमाने पंख्याची, एटीआर बनावटीची असतात. त्यांत डोक्यावरचे कप्पे लहान, मोठी चाकांची बॅग आत मावत नाही.

आता निघायची वेळ. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात आणि गेट साधारण पंचवीस मिनिटे आधी. आम्ही गाडी अशी काढतो की तुम्ही दोन तास आधी टर्मिनलवर असाल. परदेशी विमानाला तीन तास. पर्वरीत उड्डाणपुलाचे काम असेपर्यंत मांडवी ओलांडणाऱ्यांसाठी त्यावर आणखी अर्धा-पाऊण तास धरतो. गणेश चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा, तेव्हा तेवढेही पुरत नाही. 'इतक्या लवकर कशाला?' असे तेव्हा कृपया चालकाशी वाद घालू नका.

ओळखपत्रावरचे आणि तिकिटावरचे नाव जुळले पाहिजे. आपल्याकडे जुन्या कागदांवर पोर्तुगीज धाटणीचे स्पेलिंग आणि आधारवर वेगळे, असे पुष्कळांचे असते. लग्नानंतर बदललेल्या नावांचीही तीच गत. जे ओळखपत्र दाखवणार, त्याच्यावरूनच तिकीट काढून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला सोबत असू द्या.

सामानाचे म्हणाल तर साधारणपणे पंधरा किलो खालच्या म्हणजे चेक-इन सामानात, सात किलो हातात. मुलगी मुंबईला निघाली की आई पिशवीत काय काय कोंबते ते आम्ही रोज बघतो: कोकमाच्या आगळाची बाटली, लोणचे, सुके बांगडे, वर एक कोयता. कोयता, विळी, अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही. आगळ आणि लोणचे घट्ट झाकणाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून खालच्या सामानात द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट, पेट घेणाऱ्या, म्हणून त्या कुठल्याच सामानात नेऊ नका. पॉवर बँकचे नेमके उलटे: ती खालच्या सामानात चालत नाही, हातातच ठेवायची. फेणी दुकानातल्या सीलबंद बाटलीत आणि खालच्या सामानात. माणशी पाच लिटरपर्यंत विमानाचा नियम आहे. पण राज्याबाहेर नेताना अबकारी परवाना आणि तुम्ही उतरणार तिथला कायदा वेगळा. गुजरात, बिहारला जाणाऱ्यांनी बाटली घरीच ठेवावी.

वडील मंडळींसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी. काउंटरवर मागितली तरी मिळते, पण गर्दीत ताटकळावे लागते. टर्मिनलच्या आत आमच्या चालकाला येता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालते, कधी दुसऱ्याच शहरात जाऊन उतरते. अशा वेळी नियम माहीत असलेले बरे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास लांबले तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. सहा तासांहून जास्त लांबले तर दुसरे विमान किंवा पैसे परत, यांतले काय हवे ते तुम्ही सांगायचे. हवामानामुळे रद्द झाले तर वेगळी भरपाई मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र मागता येतात.

न्यायला येताना आम्ही विमानाचा नंबर बघून निघतो, म्हणून उशीर झाल्याचा फोन करण्याची घाई नको. सामान हातात आल्यावर करा. विमानतळाचे पार्किंग आणि प्रवेशशुल्क आम्ही पावतीवर वेगळे दाखवतो. दुसऱ्या कुणाची गाडी ठरवलीत तरी हे भाड्यात धरले आहे का, तेवढे आधी विचारून घ्या.