जलूदचा चढ आणि हवामानाचा शिक्का

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून निघतं. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि मध्ये विंध्याचा घाट. टप्प्याटप्प्याने पंप लावून ते वर वांचू पॉइंटपर्यंत चढवतात. चढ ५०० मीटर धरला, तर एक किलोलिटर (१००० लिटर) पाणी उचलायला १.३६ युनिट वीज लागतेच. पंप, मोटार आणि पाइपातलं घर्षण मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली की आकडा २ युनिटांजवळ जातो. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या घरात १००० लिटरची टाकी भरली की जवळपास दीड किलो वायू. तेवढंच पाणी जुन्या जोडातून गळून गेलं, तरी वायू तेवढाच.

आशियाई विकास बँकेने २००३ मध्ये भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर आणि जबलपूरच्या पाणी व सांडपाण्यासाठी कर्ज मंजूर केलं. पाणीपुरवठ्याच्या अशा परकीय निधीत हवामानाचा विचार नेमका कुठे बसतो, हे वरच्या हिशेबावरून कळतं. तो वेगळ्या ‘हरित’ प्रकल्पात नसतो. पंपाच्या निविदेत असतो, पाइपाच्या जोडात असतो.

कागदावर मात्र तो शिक्क्यात दिसतो. देणगीदार देश आपल्या प्रत्येक प्रकल्पाला ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पद्धतीने ०, १ किंवा २ गुण देतात: हवामान हा हेतूच नसेल तर ०, इतर हेतूंबरोबरचा महत्त्वाचा हेतू असेल तर १, मुख्य हेतू असेल तर २. उत्सर्जन कमी करण्यासाठीचा हा शिक्का १९९८ पासून आहे. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांचा नंतर, २०१० च्या निधीपासून सुरू झाला. खरी अडचण १ या गुणाची. कोणी अशा प्रकल्पाची ४० टक्के रक्कम हवामाननिधी म्हणून धरतो, कोणी जवळजवळ सगळीच. शिक्का हेतू सांगतो; किती वायू वाचला, ते सांगत नाही. २०२२ मध्ये विकसित देशांनी दिलेला आणि उभा केलेला हवामाननिधी ११५.९ अब्ज डॉलर मोजला गेला, तो आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावं.

जुळवून घेण्याच्या शिक्क्यासाठी मात्र चांगली शिस्त आहे. प्रकल्प-अहवालात तीन गोष्टी लिहिलेल्या लागतात: इथे हवामानाचा धोका कोणता, तो कमी करायचा हेतू स्पष्ट आहे का, आणि प्रत्यक्ष काम त्या धोक्याशी कसं जोडलेलं आहे. माळव्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर पायाखालीच आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे ताठ जोड त्यात हलतात. पावसाचा ताण लांबला, मग एकदम मुसळधार झाली, की ही हालचाल वाढते. म्हणून लवचीक जोड आणि पाइपाभोवती वाळूचं अस्तर अंदाजपत्रकात धरणं हे खरं अनुकूलन, म्हणजे जुळवून घेणं. ठेकेदार खर्च वाचवायला पहिल्यांदा वाळूच वगळतो, म्हणून चर बुजवण्याआधी तपासणी हवी.

आता गळती. दिवसाला १ कोटी लिटर पाणी वाया जात असेल, तर वर्षाला ७३ लाख युनिट आणि सुमारे ५१०० टन वायू. जागतिक बँकेने २०१७ मध्ये प्रकल्पांच्या हिशेबासाठी कार्बनची सावली-किंमत (कोणी प्रत्यक्ष भरत नाही, फक्त हिशेबात धरायची किंमत) ठरवली, २०२० साठी टनाला ४० ते ८० डॉलर. ५० डॉलरने ही गळती वर्षाला अडीच लाख डॉलरची होते. वीज युनिटला ७ रुपये धरली तर बिल ५ कोटींच्या वर. तरीही गळतीचं काम मागे पडतं, कारण कर्ज पंप आणि पाइप विकत घ्यायला मिळतं, बिल मात्र महापालिका भरते. स्वस्त पंप निवडणाऱ्याच्या खिशातून ते जात नाही. म्हणून निविदेत पंपाच्या किमतीबरोबर त्याच्या पंधरा-वीस वर्षांच्या विजेची किंमत मिळवूनच तुलना करावी.

गळती मोजायची रीत सोपी आहे, पण फसवी. एका विभागाच्या सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, एकाच वाटेने पाणी सोडायचं आणि पहाटे २ ते ४ चा प्रवाह मोजायचा; लोक झोपलेले असताना जे वाहतं ते बहुतेक गळतीचं. त्याआधी ती एक वाटही बंद करून दाब शून्यावर येतो का, ते पाहायचं. आला नाही, तर कुठला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पंचाईत अशी की पाइप रिकामाच असतो. तिथे चाचणीपुरता विभाग दोन-तीन रात्री सलग भरलेला ठेवावा लागतो. पहिल्या रात्री लोकांच्या टाक्या भरत राहतात आणि तो प्रवाह गळतीसारखाच दिसतो, म्हणून ती रात्र हिशेबात धरायची नाही.

सौरऊर्जेकडे इंदूर वळलं ते २०२३ मध्ये. महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) विकले, जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. २००३ मध्ये सौर पॅनेल परवडण्यासारखी नव्हतीच. रात्रीचा प्रवाह मोजणं तेव्हाही परवडत होतं.

आणखी एक खाच. वाचलेलं पाणी नव्या वसाहतींना दिलं, तर जलूदचे पंप पूर्वीइतकेच चालतात आणि एकूण वायू कमी होत नाही. हे वाईट नाही, त्या वसाहतींना पाणी हवंच आहे. पण अहवालात ‘इतके टन वाचले’ असं लिहिण्याऐवजी घरापर्यंत पोचलेल्या दर किलोलिटरमागे किती युनिट लागले, ते कामाआधी आणि कामानंतर, त्याच मीटरवर मोजून लिहावं.