नकली नाणी आणि नकली स्लॅब

नकली नाणं म्हणजे इथं संग्राहकाला गंडवायला केलेलं नाणं, दुकानात खपवायच्या खोट्या दहाच्या नाण्याचं प्रकरण वेगळं. आपल्याकडं यात कायम सापडतो तो ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया, आणि त्यातही सहाव्या जॉर्जचा १९३९ चा, कारण तो दुर्मीळ, आणि १९३८ चा त्या मानानं सहज मिळतो, मग ८ कोरून ९ केला की झालं. भिंगातून बघा, त्या एका आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा दिसतात, बाकीच्या तीन आकड्यांजवळ नसतात. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आली आणि कडेला मधे खाच असलेली सुरक्षा-कड आली, त्यामुळे नंतरच्या रुपयाचं साल बदलून कुणी १९३९ केलं असेल तर कडेवरूनच पकडला जातो.

खऱ्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, झिजलेला असेल तर थोडं कमी. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, वजन जमवता येतं. पाण्याचा प्रयोग जास्त भरवशाचा आणि मला विचाराल तर प्रत्येकानं शिकावाच: ग्रॅमचे दोन दशांश दाखवणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्यानं पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. जुन्या चांदीचा रुपया असेल तर काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो, तांबं-निकेलवर मुलामा असेल तर १.३ च्या आसपास. चुंबकाला चिकटलं तर पुढं बघायचीच गरज नाही. ओतून केलेल्या नाण्यावर बारीक छिद्रं असतात, अक्षरं बोथट असतात. आणि दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला तर दोन्ही एकाच साच्यातली समजा.

रामदरबार किंवा हनुमान आणि १८१८ साल असलेली ईस्ट इंडिया कंपनीची नाणी तर पुण्याच्या जुन्या बाजारापासून मोबाईलवरच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडं लाखाच्या भावानं सांगतात. ती चलनात कधी नव्हतीच, देवळाजवळ विकायचे टोकन आहेत. लोक फसतात कारण कंपनीच्या मद्रासकडच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यावर खरंच देव होते.

स्लॅब म्हणजे नाणं तपासून, १ ते ७० मधली ग्रेड देऊन सीलबंद केलेली प्लास्टिकची डबी. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून हे काम करतात, दोन्ही अमेरिकेतल्या कंपन्या. डबीचीही नक्कल होते, चीनमधून बऱ्याच आल्या. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघतात आणि जुळला की लोक निर्धास्त होतात, इथंच घात होतो, कारण नंबर खऱ्या नाण्याचाच उचललेला असतो. साइटवर फोटो असेल तर ओरखडे, डाग एकेक करून जुळवायचे, आणि फोटो नसेल तर निदान साल, टाकसाळ, ग्रेड तरी ताडून बघायची. लेबलवरच्या अक्षरांची जाडी, होलोग्राम, डबीच्या कडा हे शेजारी खरा स्लॅब धरूनच कळतं. बंद डबीत पाण्याचा प्रयोग होत नाही, त्यामुळं महागाचं नाणं असेल तर जो डबी सोडून फक्त नाण्यावर बोलेल अशा जाणकाराला दाखवूनच पैसे द्यायचे.