कच्चे कारस्थान (‘डॉक्टर हू’ मालिका)

विज्ञानकथेवरच्या दूरचित्रवाणी मालिकांत खलनायकाचा जो बेत नायकाने उधळण्याआधीच मुळात पोकळ असतो, त्याला कच्चे कारस्थान म्हणता येईल. बेत फसतो म्हणून तो कच्चा ठरत नाही, कारण खलनायक बहुधा हरतोच. सोपा रस्ता हाताशी असताना खलनायक द्राविडी प्राणायाम करतो, किंवा बेत तडीस गेल्यावर पदरात काय पडणार हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा तो कच्चा. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत (१९६३–८९ आणि पुन्हा २००५ पासून) अशा बेतांचा मोठा साठा आहे.

टेरी नेशन यांनी लिहिलेले ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ (१९६४, सहा भाग) हे त्यातले ठळक उदाहरण. बाविसाव्या शतकातली पृथ्वी डालेक या धातूच्या कवचात राहणाऱ्या क्रूर परग्रहवासीयांनी जिंकली आहे. उल्कावर्षाव आणि रोगाची साथ यांतून वाचलेल्या माणसांना त्यांनी इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरच्या खाणीत जुंपले आहे. पृथ्वीचा गाभा काढून तिथे इंजिन बसवायचे आणि अख्खा ग्रह अंतराळयानासारखा हाकायचा, यासाठी ही खोदाई. गाभा जमिनीखाली सुमारे २,९०० किमीवर सुरू होतो आणि पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळपास एक-तृतीयांश भाग त्यात आहे. माणसाने खणलेले सर्वांत खोल भोक, रशियातले कोला, १२ किमीच्या थोडे पुढे थांबले. तरी खोली हा या बेतातला खरा दोष नव्हे. परग्रहवासीयांना ते जमते असे मानून पुढे जाता येते. पण डालेकांकडे उडत्या तबकड्या आहेतच. मग एवढा जड ग्रह हाकायचा कुठे आणि कशाला, याचे पटण्याजोगे उत्तर सहा भागांत मिळत नाही. डोंगर पोखरून उंदीर काढण्याचाच हा प्रकार. शेवटी मालिकेचा नायक डॉक्टर याचा सोबती इयान खाणीच्या बोगद्यात लाकडे आडवी घालतो आणि पृथ्वीचे कवच फोडण्यासाठी गाभ्याकडे सोडलेला बॉम्ब वाटेतच अडतो. ज्या बोगद्यावर सगळी मोहीम अवलंबून, त्यावर नीट राखणही नाही! तरीही वेस्टमिन्स्टर पुलावरून सरकणारे डालेक आजही अंगावर येतात. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. शत्रूच्या ताब्यातले लंडन ही प्रेक्षकांसाठी नुसती कल्पना नव्हती, अनुभवलेली भीती होती. इथे जिंकलेल्या शहराचे चित्र खरे वाटते, जिंकण्यामागचा हेतू मात्र वाटत नाही.

गुंतागुंतीत ‘द व्हील इन स्पेस’ (१९६८) याच्याही पुढे जाते. किट पेडलर यांच्या कल्पनेवरून डेव्हिड व्हिटेकर यांनी ते लिहिले. पृथ्वीवर स्वारी करण्यासाठी सायबरमेन या अर्धयांत्रिक माणसांना एक अंतराळ स्थानक ताब्यात हवे आहे. त्यासाठी ते मेसिए १३ या तारकागुच्छातला एक तारा भडकवतात, म्हणजे उल्का स्थानकाच्या दिशेने वळतील. उल्का फोडायला लेसर लागेल, लेसरला बर्नेलियम नावाचे द्रव्य लागेल. तो साठा आधीच सायबरमॅट या लहान यंत्रजीवांकरवी नासवलेला. मग कर्मचारी जवळच तरंगणाऱ्या रॉकेटमधून बर्नेलियमच्या पेट्या आणायला जातील आणि त्या पेट्यांत लपून सायबरमेन आत शिरतील. सायबरमॅट तर स्थानकात आधीच शिरलेले असतात. जिथे ते शिरले तिथे तारा भडकवण्याची गरजच उरत नाही. शिवाय मेसिए १३ पृथ्वीपासून २०,०००हून अधिक प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा परिणाम इथवर पोचायला तेवढीच हजारो वर्षे लागणार.

अशा बेतांचे कारण लेखकांच्या आळसापेक्षा मालिकेच्या बांधणीत जास्त आहे. भाग सुमारे २५ मिनिटांचा, आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाचा तरी जीव टांगणीला लावणे भाग. साठच्या दशकात ही मालिका जवळजवळ वर्षभर चाले. सरळ बेत दोन भागांतच संपला असता. म्हणून बेताचे माप खलनायकाच्या गरजेवरून न घेता भागांच्या संख्येवरून घेतले जाई, आणि शिवण तिथेच उसवे.

मास्टर या खलनायकाबाबत दोष वेगळा आहे. ‘टेरर ऑफ द ऑटन्स’मध्ये (१९७१) तो प्लास्टिकची फुले, खुर्ची, टेलिफोनची वायर यांतून माणसे मारू पाहतो. ही दृश्ये भेदक आहेत. पण प्लास्टिकमध्ये जीव भरणाऱ्या ज्या परग्रहावरच्या नेस्टीन शक्तीला त्याने स्वतः बोलावले, ती त्यालाही सोडणार नाही हे त्याला अगदी शेवटी डॉक्टरकडून कळते आणि तो बाजू बदलतो.

बेत पक्का असूनही कथा रंगते याचा पुरावा ‘सिटी ऑफ डेथ’ (१९७९) देते. स्कॅरॉथ या परग्रहवासी खलनायकाला कालप्रवासाच्या प्रयोगांसाठी पैसा हवा आहे. आपल्या यानाच्या स्फोटामुळे तो वेगवेगळ्या काळांत विखुरला आहे आणि सोळाव्या शतकातला त्याचाच अंश लिओनार्दोकडून मोनालिसाच्या आणखी सहा प्रती काढून घेतो. पॅरिसच्या तळघरात त्या भिंतीआड दडवलेल्या असतात. आता लूव्र संग्रहालयातले मूळ चित्र चोरले, की सात गिऱ्हाइके गुपचूप सातही चित्रे घेतील आणि प्रत्येकाला वाटेल की चोरीचे चित्र आपल्याकडेच आले. गरज स्पष्ट, साधन नेमके. डॉक्टर लिओनार्दोच्या कार्यशाळेतल्या कोऱ्या फळ्यांवर मार्करने ‘हे नकली आहे’ असे लिहून ठेवतो, तरी कारस्थान त्याने थांबत नाही. ते थांबते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या ओसाड पृथ्वीवर, जिथे स्कॅरॉथ तो स्फोट रोखायला जातो, डगन नावाच्या गुप्तहेराच्या एका ठोशाने.