सीटमागचं इंजिन

मे महिन्यात मारुती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून सोलापूरहून अक्कलकोटला गेलेल्या माणसाला इंजिन कुठे आहे हे सांगावं लागत नाही. ते त्याच्या बुडाखालीच तापत असतं. म्हणून ‘मिड-इंजिन’ ही कल्पना विद्यार्थ्यांना सांगताना मी व्हॅनपासूनच सुरुवात करतो. इंजिन पुढच्या चाकांच्या पुढे नाही, मागच्या चाकांच्या मागेही नाही, दोन्हींच्या मध्ये आहे. या जातीच्या स्पोर्ट्स कारमध्ये ते सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे असतं.

परवा होटगी रोडवरच्या एका गॅरेजात हा विषय निघाला. पोरं मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होती. 1972 साली आलेली फियाटची छोटी, पाचरीसारखी मिड-इंजिन गाडी एक्स 1/9 आणि तिच्यात बसवलेलं होंडाचं के 20 इंजिन. मूळ इंजिन 1290 सीसीचं, साधारण 75 अश्वशक्तीचं. होंडाचं 1998 सीसीचं, आणि त्याच्या जपानी ‘टाइप आर’ अवतारात 220 अश्वशक्तीचं. गाडीचं वजन जेमतेम नऊशे किलो. “सर, जवळजवळ तिप्पट!” एकजण म्हणाला. खरं आहे. पण इतका खटाटोप करण्यासारखं या गाडीत जे आहे, ते अश्वशक्तीत मोजता येत नाही.

त्यासाठी सोलापूरची गड्ड्याची यात्रा आठवा. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. तो उंचच उंच ध्वज कमरेशी तोलून चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलंत, तर दिसेल की काठी कलायला लागते ती सावकाश. सावरायला वेळ मिळतो. पण एकदा कलली की थांबवायलाही तितकंच बळ लागतं. याचं कारण जडत्व आघूर्ण, म्हणजे वस्तू फिरवायला होणारा विरोध. वस्तुमान किती आहे यापेक्षा ते फिरण्याच्या अक्षापासून किती लांब आहे, याला इथे जास्त किंमत असते, कारण अंतराचा वर्ग धरला जातो.

गाडीचं तसंच. समजा इंजिन 100 किलोचं आहे. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून ते दीड मीटर लांब असेल तर त्याचा वाटा 100 गुणिले 1.5 चा वर्ग, म्हणजे 225. तेच अर्ध्या मीटरवर आणलं तर 25. वजन तेवढंच, पण वळवायला होणारा विरोध नवव्या हिश्श्यावर! स्टिअरिंग फिरवताक्षणी गाडी वळते ती यामुळे. आणि भर वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर तितक्याच चटकन गिरकीही घेते, कारण भार पुढे सरकून मागच्या टायरांची पकड सुटते. म्हणून नवं इंजिन निवडताना माझा पहिला प्रश्न ताकदीचा नसतो. ते वजनाला किती आणि बसणार नेमकं कुठे, हा असतो. के 20 चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, फियाटचा बिडाचा होता. ताकद जवळजवळ तिप्पट करूनही गाडीचा तोल फारसा ढळत नाही, त्यात याचा मोठा हात आहे.

दुसरा प्रश्न, इंजिन फिरतं कोणत्या दिशेने? 1966 च्या लोटस युरोपा या मिड-इंजिन स्पोर्ट्स कारची गोष्ट मला फार आवडते. तिच्यासाठी रेनॉ 16 या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतला. रेनॉमध्ये गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन त्याच्या मागे, उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. लोटसला इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे हवा होता, म्हणून सगळा संच अर्धा फेरा वळवला. पण संच वळला की चाकांची दिशाही उलटते. तशीच बसवली असती तर गाडीला मागे जायला चार गिअर मिळाले असते आणि पुढे जायला एक! तोड मात्र साधी होती. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं मोठं चक्र, आपले मिस्त्री ज्याला क्राउन म्हणतात ते, त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राच्या, म्हणजे पिनियनच्या, दुसऱ्या बाजूला बसवलं. दिशा पुन्हा सुलटी झाली.

एक्स 1/9 मध्ये ही कसरत लागलीच नाही. फियाट 128 चं आडवं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल असा सगळा संच न वळवता जसाच्या तसा पुढून उचलून सीटमागे ठेवला. होंडाचा संचही आडवाच आणि पुढची चाकं ओढणारा, त्यामुळे तोही न वळवता बसतो. शिवाय के मालिकेत सायलेन्सरकडे जाणारा तापलेला भाग इंजिनाच्या मागच्या अंगाला असतो. सीटमागे बसवल्यावर तो बंपरकडे येतो, माणसांच्या पाठीकडे नाही. खरी मेहनत असते अ‍ॅक्सलवर. एका टोकाचे दाते होंडाचे, दुसरं टोक फियाटच्या चाकाच्या हबचं, आणि मधला दांडा मापाने नवा करून घ्यायचा.

आता सोलापूरचं ऊन. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, म्हणून पाण्याचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. रेडिएटर उष्णता किती टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 92 अंशांवर आणि हवा 17 अंशांवर असेल तर फरक 75. आपल्याकडे मेमध्ये हवा 42 अंशांवर, म्हणजे फरक 50. तोच रेडिएटर इथे दोन तृतीयांशच काम करतो. दिलासा एवढाच की 220 अश्वशक्तीचं इंजिन ताशी 80 किलोमीटरवर तितकी ताकद लावत नाही. त्या वेगाला हवी तेवढीच लावतं, आणि उष्णताही त्याच बेताने निघते. खरा शत्रू म्हणजे लांब पाइपांत अडकलेली हवा. सर्वात उंच जागी एक नळी काढून ती सोडली नाही, तर नवं इंजिनही पुणे रस्त्यावर पहिल्याच चढाला उकळतं.

नव्या इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीयू. आपल्या यंत्रमागवाल्यांना तो समजवावा लागू नये. मागावर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. ईसीयूमध्येही तसाच आकड्यांचा तक्ता असतो. इतके फेरे, इतका भार, म्हणजे इतकं पेट्रोल आणि ठिणगी या क्षणी. फेरे वाढले की तो तेलाच्या दाबाने एक पिन सरकवतो आणि व्हॉल्व्ह त्यांना उघडणाऱ्या कॅमच्या जास्त उंच उंचवट्यावर चालू लागतात. कार्बोरेटरच्या जमान्यात अख्ख्या इंजिनाला एकाच नक्षीवर विणावं लागे.

ब्रेकचं मात्र पुष्कळजण विसरतात. वेग 100 वरून 140 वर नेला की डिस्कने जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

“आपल्याकडे कुणाची जुनी गाडी असली तर करायचं का, सर?” पोरांनी विचारलंच. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे परस्पर इंजिन बदलता येत नाही, आधी आरटीओकडे जावं लागतं. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर चासी, बॉडी, इंजिन मुळातलं हवं. म्हणून मी त्यांना सांगितलं, परवानगी मिळाली तरी बॉडीला कटर लावू नका. नव्या इंजिनाची चौकट जुन्याच बोल्टांच्या भोकांवर बसेल अशी करा. आणि उतरवलेलं इंजिन भंगारात घालू नका. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, प्लगची भोकं बंद करा आणि कोरड्या जागी फळीवर ठेवून द्या.