अल्ट्रासोनिक सेन्सरची बॅटरी नेमकी कशाने संपते?

अल्ट्रासोनिक सेन्सर (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे अंतर मोजणारे उपकरण) ध्वनी सोडण्यासाठी भरपूर वीज खातो, म्हणून तो बॅटरीवर चालवणे परवडत नाही, हा समज वर्षानुवर्षे सांगितला जातो. मात्र आकडेमोड केल्यास तो टिकत नाही. एचसी-एसआर०४ हे सर्वपरिचित मॉड्यूल दर मोजणीला ४० किलोहर्ट्झच्या अवघ्या ८ लहरी सोडते, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी फक्त ०.२ मिलिसेकंद असतो आणि ४ मीटरवरून प्रतिध्वनी परतायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. कामाच्या वेळी ते साधारण १५ मिलिअँपिअर घेते, तर नुसते बसून असताना २ मिलिअँपिअरपर्यंत.

मिनिटाला एकदाच मोजणी घेतली आणि तिला ६० मिलिसेकंद धरले, तरी त्या मोजणीचा खर्च ०.९ मिलिअँपिअर-सेकंद होतो. उरलेल्या मिनिटातील निष्क्रिय प्रवाहाचा मात्र सुमारे १२०. बॅटरी संपते ती या वाट पाहण्यात, आणि दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास या वेगाने २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दीड महिनाही पुरत नाही.

म्हणून निवड करताना डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) आधी निष्क्रिय प्रवाह पाहावा, आणि तो जास्त असल्यास मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणून वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरने) मोजण्यांच्या मधल्या काळात मॉड्यूलचा पुरवठाच तोडावा; पुरवठा जोडल्यावर सर्किट स्थिरावू देऊन मगच ट्रिगर, म्हणजे मोजणी सुरू करण्याचा संकेत, द्यावा. ध्वनी सोडणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे एकाच ट्रान्सड्यूसरने (ध्वनी सोडणाऱ्या-टिपणाऱ्या भागाने) करणारा जलरोधक प्रकार घेतल्यास, ध्वनी सोडल्यानंतरही त्याचा पडदा थरथरत राहत असल्याने अगदी जवळची वस्तू मोजता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.