चार गॉब्लिन भारी का पडतात?

“ओ मामा, पहिल्याच एनकाउंटरला सगळी पार्टी आडवी! आणि गॉब्लिन चारच होते की.”

सांगलीला बहिणीकडे विश्रामबागला गेलं, की भाचा आणि त्याची मित्रमंडळी असलं काहीतरी घेऊन बसलेली असतात. मामा संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा फाशांचं सगळं त्याला ठाऊक असणार, ही त्यांची पक्की समजूत.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. एकजण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो आणि गॉब्लिनसारख्या राक्षसांच्या बाजूनं खेळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, ती सगळी मिळून पार्टी. कुणी फायटर (लढवय्या), कुणी विझर्ड (जादूगार), कुणी क्लेरिक (पुजारी). वार लागला की चुकला, कुलूप उघडलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशाच्या आकड्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठायचा, बस्स. ही पोरं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम पाळतात. वर त्यांचा एक घरचा नियम आहे : फासा भडंगाच्या ताटलीत गेला तर ती फेक बाद.

आता गॉब्लिनांचा हिशेब. त्या नियमांत गॉब्लिनला ७ हिट पॉइंट, म्हणजे एवढी इजा झाली की तो पडतो, आणि आर्मर क्लास १५, म्हणजे त्याला वार लागायला गाठायचा आकडा. पहिल्या लेव्हलचा फायटर साधारण फाशात ५ मिळवतो, म्हणजे त्याला फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा आकडे चालतात, ५५ टक्के. पण लागलेला प्रत्येक वार गॉब्लिनला पाडतोच असं नाही. आठ बाजूंचा फासा अधिक ३ एवढी इजा धरली, तर एका वारात गॉब्लिन पडण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास येते. उलट बाजूनं बघा. गॉब्लिन फाशात ४ मिळवतो. चिलखत नसलेल्या विझर्डचा आर्मर क्लास १२ असेल तर त्याला ८ पुरतात, म्हणजे ६५ टक्के. विझर्डचे हिट पॉइंट जेमतेम ८, आणि गॉब्लिनचा एक घाव सरासरी साडेपाचाचा. दोन घाव बसले की विझर्ड जवळजवळ गेलाच. चारही गॉब्लिनांनी मिळून विझर्डलाच धरलं, तर एका फेरीत निदान दोन घाव बसण्याची शक्यता ८७ टक्के.

खरी गोम मात्र पुढे आहे. पार्टी मिळून दर फेरीला एक गॉब्लिन पाडते आणि गॉब्लिनांचा वार आधी होतो, असं धरू. चौघं एकेक करून आले, तर सगळे मिळून चार वार करतील. एकदम आले तर पहिल्या फेरीत चार, मग तीन, मग दोन, मग एक : एकूण दहा. आठ जण एकदम आले तर छत्तीस! संख्या दुप्पट झाली आणि मार साडेतीन पटीच्याही वर गेला. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या काळात नेमकं हेच समीकरणात मांडलं. सगळे एकाच वेळी एकमेकांवर नेम धरू शकत असतील, तर फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

कबड्डीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. सात जणांत शिरणारा रेडर आणि तिघांत शिरणारा रेडर यांत केवढा फरक. म्हणून तर तिघं किंवा कमी उरलेल्यांनी रेडर पकडला की प्रो कबड्डीत एक गुण जादा मिळतो.

खेळाच्या नियमकर्त्यांनीही याची सोय केली आहे. प्रत्येक शत्रूला ठरावीक गुण असतात. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांना २०० गुणांची झटापट मध्यम, ३०० ची अवघड, ४०० ची जीवघेणी. एका गॉब्लिनचे ५० गुण, म्हणजे चार गॉब्लिनांचे २००. डीएम झालेला भाचा इथंच थांबला. पण तीन ते सहा शत्रू असतील तर बेरजेची दुप्पट करायची असते. २०० चे झाले ४००. नियमपुस्तकानंच ज्याला जीवघेणं म्हटलंय, ते त्यानं नवख्या पार्टीपुढं मध्यम समजून ठेवलं होतं. दोन गॉब्लिनांना मात्र दीडपट, म्हणजे १५०, हे सोप्यात बसतं. तेव्हा डीएमला माझा सल्ला एवढाच, की दोन आधी पाठव, ते पडले की मग दोन. आणि खेळणाऱ्यांना सल्ला : मोकळ्या माळावर लढू नका, दारात किंवा बोळात उभे राहा. एका वेळी एकच गॉब्लिन हात चालवू शकला, तर लँचेस्टरचा वर्ग निकालात निघतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न ॲडव्हान्टेजचा. हा नियम मला फार आवडतो. दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. “म्हणजे किती मिळवल्यासारखं?” असं पोरं विचारतात, आणि याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. दोन्ही फासे चुकले तरच आपण चुकतो, म्हणून चुकण्याच्या शक्यतेचा वर्ग करायचा आणि तो एकातून वजा करायचा. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, म्हणजे थेट ५ मिळवल्यासारखं. २० च हवे असतील तर ५ टक्क्यांचे ९.७५, म्हणजे १ मिळवल्याहूनही किंचित कमी. २ पुरत असतील तर ९५ चे ९९.७५. फायदा सगळा मधल्या भागात. अशक्य कामासाठी ॲडव्हान्टेज जपून ठेवणारे खेळाडू मी बघितलेत. ते खर्च करावं ते अटीतटीच्या, निम्म्या शक्यतेच्या कामावर.

पात्र बनवताना त्याच्या ताकद, चपळाई अशा सहा गुणांचे आकडे फाशांच्या बेरजेनं ठरतात. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, की चार टाकून सगळ्यात लहान काढायचा? तीन फाशांच्या २१६ जोडण्यांत १८ फक्त एकदा येतो. चार टाकून लहान काढला तर १२९६ पैकी २१ वेळा, म्हणजे साडेतीन पट. तरीही सहा गुणांत एखादा १८ दिसण्याची शक्यता ९ टक्केच. एखादा गडी घरून दोन दोन १८ असलेला कागद घेऊन आला, तर फासे सगळ्यांसमोर टाकायला लावा, मी एवढंच म्हणेन.

राहता राहिला ‘पनवती’ फासा. नशिबाची तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं गाऱ्हाणं मांडणारं आख्खं सूक्त आहे. तेव्हा फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. महाभारताच्या वनपर्वातल्या नलकथेत फाशांत निष्णात असलेला राजा ऋतुपर्ण बेहड्याच्याच झाडाची पानं-फळं उभ्या उभ्या सांगतो आणि नळ ती मोजून पडताळतो. फाशाची विद्या आणि मोजण्याची विद्या तिथं एकाच माणसाकडे आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

पाच वेळा वार चुकला की फासा बदलायची घाई होते. ५५ टक्के शक्यतेला सलग पाच चुकणं दोन टक्क्यांपेक्षाही कमी, हे खरं. पण अशा शंभर फेकी झाल्या, तर त्यात असा पाचाचा फटका एकदा तरी बसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणि सहाव्या फेकीला फाशाला मागचं काहीच आठवत नसतं.

तरी शंका असेल तर वाटीत कोमट पाणी घ्या, विरघळेल तेवढं मीठ घाला आणि फासा सोडा. पाणी दाट झालं की हलक्या प्लास्टिकचा फासा तरंगतो. टिचकी मारून फिरवला तरी दर वेळी तोच आकडा वर आला, तर आत एक बाजू जड आहे. मात्र त्यानं टेबलावरच्या फेकीत किती फरक पडतो, हे पाणी सांगत नाही. त्यासाठी फासा दोनशे वेळा टाका आणि प्रत्येक आकड्यापुढं काड्या मारा. सरासरी दहा अपेक्षित. एखाद्यापुढं सहा, एखाद्यापुढं चौदा दिसले तर दचकू नका, चांगल्या फाशातही तेवढं होतंच. प्रत्येक आकड्याचा दहापासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, दहानं भागा आणि विसांची बेरीज घ्या. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर फासा संशयित. पण चांगल्या वीस फाशांतला एखादा याही परीक्षेत उगाच सापडतो, म्हणून आणखी दोनशे फेकी टाकल्याशिवाय त्याला कचऱ्यात घालू नका.